लेखकांच्या पत्रांचा गठ्ठा

अंजनी नदीच्या काठचे एरंडोल एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेले होते. ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटिअरांमध्ये इथल्या जाड देशी कागदाची नोंद आहे आणि धंदा तेव्हाच उतरणीला लागला होता हेही तिथेच नोंदवले आहे. तापीपलीकडच्या यावलचेही नाव याच संदर्भात येते. महाराष्ट्रात या कागदाचा कच्चा माल म्हणजे ताग, जुनी गोणपाटे, दोरखंडे आणि चिंध्या. ते चुन्यात भिजवायचे, कुटायचे, धुवायचे आणि लगदा हौदातल्या पाण्यात कालवून चाळणीवर उचलायचा. ओला ताव भिंतीवर चिकटवून वाळवला, की त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटले जाई. घोटला नाही तर शाई फुटायची. असा ताव उजेडासमोर धरला तर चाळणीच्या काड्यांच्या बारीक रेघा आणि मधूनमधून तागाचा एखादा धागाही दिसतो. या कागदात तंतू लांब आणि आम्ल कमी, म्हणून दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची मोडी पत्रे आजही घडी मोडून वाचता येतात. उलट १९४० च्या सुमाराचे स्वस्त गिरणी कागदावरचे पत्र घडीवरच तुटते. जुनी पत्रे गोळा करणाऱ्याला ही उलटी गोष्ट आधी पचवावी लागते: जितके अलीकडचे, तितके नाजूक.

पत्र म्हणजे लेखकाने छापण्यासाठी न लिहिलेला मजकूर, असे ढोबळमानाने म्हणता येते. मराठीत मात्र ही सीमारेषा धूसर आहे. लोकहितवादींची शतपत्रे नावाने पत्रे असली तरी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये छापण्यासाठीच लिहिली गेली होती. साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ पुतणीला उद्देशून आहेत, पण ती वाचताना सगळ्याच मुलांना सांगायचे आहे हे जाणवते. जोतीराव फुल्यांनी मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारणारे पत्र १८८५ मध्ये लिहिले. ते आज सर्वांना ठाऊक आहे, कारण ते त्याच वर्षी ‘ज्ञानोदया’त छापले गेले. कागद राहिला नाही तरी मजकूर राहतो, तो असा. संग्राहकाला मात्र कागदही हवा असतो: हस्ताक्षर, खाडाखोड, समासातली पुरवणी आणि पाकिटावरचा शिक्का यांसकट.

या कामातले पहिले सूत्र साधे आहे, पण भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. लेखकाची पत्रे लेखकाच्या घरी नसतात. लेखकाच्या घरी असतात ती त्याला आलेली पत्रे. त्याने लिहिलेली पत्रे भावाच्या, मेहुण्याच्या, संपादकाच्या, जुन्या विद्यार्थ्याच्या नाहीतर उधारी थकलेल्या छापखानेवाल्याच्या घरी असतात. म्हणून शोध सुरू करताना ‘हा लेखक कुठे राहत होता’ यापेक्षा ‘तो कुणाला लिहीत होता’ हा प्रश्न कामाचा.

खानदेशात हे सूत्र चांगले तपासून पाहता येते. केशवसुत विसाव्या शतकाच्या आरंभी फैजपूरला शिक्षक होते. तिथून त्यांनी लिहिलेले कागद साहजिकच खानदेशाबाहेर गेले, पुण्या-मुंबईच्या मित्रांकडे आणि कोकणातल्या आप्तांकडे. फैजपुरात आजही त्यांचे पत्र सापडेल या आशेने जाणाऱ्याची निराशाच व्हायची. याच फैजपुरात १९०९ मध्ये बा. सी. मर्ढेकरांचा जन्म झाला; पण जन्मगावी पत्रे सापडतात हाही गैरसमजच. जन्मलेले मूल पत्र लिहीत नाही, आणि कुटुंब गाव सोडून गेले की घरातले कागदही त्याच्याबरोबर जातात.

बालकवींची गोष्ट याहून चटका लावणारी. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा, धरणगावचा. धरणगाव तेव्हा एरंडोल तालुक्यात होते. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. त्याचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी या पोरसवदा कवीला ‘बालकवी’ हे नाव दिले. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्यांना नगरला आपल्या घरी नेले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त ठोमरे वारंवार भेटतात ते त्यामुळे. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. ज्याला पुरते तिशीपर्यंतही आयुष्य मिळाले नाही, त्याच्या पत्रांची संख्या किती असणार? अशा लेखकाच्या बाबतीत दोन ओळींचे कार्डही मोलाचे ठरते. साठ वर्षे रोज चार पत्रे लिहिणाऱ्याच्या बाबतीत तसे नसते.

साने गुरुजींचा हिशेब अगदी उलटा. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयाचे काम पाहत होते आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक रोज स्वतः लिहून काढत. पुढे धुळे, नाशिक अशा तुरुंगवाऱ्या झाल्या. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली ती गुरुजींनीच उतरवून घेतली. इतके लिहिणाऱ्या हाताने विद्यार्थ्यांना, त्यांच्या आईबापांना, सहकाऱ्यांना किती पत्रे धाडली असतील याची मोजदाद करणे कठीण. ज्या मुलांना ती आली ती पुढे शिक्षक, वकील, शेतकरी झाली. त्यांच्यातल्या पुष्कळांची घरे खानदेशातल्याच जिल्ह्यांत आहेत. खानदेशात लेखकांच्या पत्रांचा शोध घ्यायचा तर सगळ्यांत फळणारे क्षेत्र हेच, आणि ते दरवर्षी आटत चालले आहे.

दुसरे क्षेत्र साहित्य संमेलनांच्या कागदांचे. मराठी साहित्य संमेलन जळगावला १९३६ मध्ये माधव जूलियन यांच्या अध्यक्षतेखाली भरले, धुळ्याला १९४४ मध्ये मामा वरेरकरांच्या, अमळनेरला १९५२ मध्ये कृ. पां. कुलकर्णींच्या, आणि अमळनेरलाच पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये. प्रत्येक संमेलनामागे स्वागत समिती असते आणि समितीकडे चिटणीस असतो. निमंत्रणे, होकार, नकार, ‘तब्येत बरी नाही’, ‘गाडी भुसावळला किती वाजता पोचते’ असा पत्रव्यवहार त्याच्या फायलीत जातो. संमेलन संपते, हिशेब मंजूर होतो, समिती विसर्जित होते आणि फाईल चिटणिसाच्या घरच्या माळ्यावर चढते. तिथे ती कुणी शोधत नाही, कारण चिटणिसाचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात नसते.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत हा शोध मुळातच संपतो. असोद्याच्या या कवयित्रीला लिहिता येत नव्हते. तिच्या ओव्या-गाणी मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवली म्हणून तिच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये संग्रह निघाला. तिच्या हस्ताक्षरातले पत्र कुणी विकायला आणले, तर खरेखोटे ठरवायला तज्ज्ञाची गरज नाही.

कागदपत्रे शोधण्याची ही रीत खानदेशाला धुळ्याच्या एका खोलीतून मिळाली. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, देशमुख-देशपांडे-कुलकर्ण्यांच्या वाड्यांतली दप्तरे उलगडून त्यांनी पत्रे मिळवली. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात होते; तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांची ट्रंक, टिपणे, कागद तिथे जपले गेले. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभारले. ही दोन्ही घरे इतिहासाची आणि संतवाङ्मयाची; आधुनिक लेखकांच्या पत्रांसाठी ती मुळात काढलेली नाहीत. तरी त्यांनी घालून दिलेला धडा तोच आहे: पत्र घरातून उचलताना कोणत्या घरातून, कोणत्या दप्तरातून, कोणत्या पत्राशेजारून उचलले याची नोंद पत्राइतकीच महत्त्वाची.

हा धडा न पाळल्याने किती नुकसान होते, याचे उदाहरण बाहेरच्या जगात आहे. इंग्रज कवी कीट्सने फॅनी ब्रॉनला लिहिलेली प्रेमपत्रे १८८५ मध्ये लंडनला लिलावात सुटी सुटी विकली गेली आणि अनेक हातांत विखुरली. ऑस्कर वाइल्डने त्यावर संतापून कविता लिहिली. गठ्ठा फुटला की पत्रे राहतात, पण पत्रव्यवहार राहत नाही. सह्या गोळा करणारे तर पत्राचा खालचा तुकडाच कापून वहीत डकवतात. त्यांना संग्राहक म्हणणे कठीण. ते कात्री चालवणारे.

पत्रव्यवहाराला दोन बाजू असतात आणि दोन्ही हाती लागणे क्वचित घडते. धारवाडला एकांतात राहणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी माणसांच्या भेटी फार थोड्या घेतल्या, पण पत्रे भरभरून लिहिली. त्यांची निवडक पत्रे खंडांमागून खंड अशी मौज प्रकाशनाने छापली, आणि त्यातली बरीच सुनीता देशपांडे यांना लिहिलेली आहेत. सुनीताबाईंची उलट बाजू पुढे ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकातून वाचकांपुढे आली. प्रश्न एकीकडे आणि उत्तर दुसरीकडे, असे समोरासमोर ठेवून वाचायला मिळाल्यावर आधी अर्धवट वाटलेली वाक्ये उलगडतात. कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल यांचा ‘कुसुमानिल’ हा दोन्हीकडचा पत्रव्यवहारही असाच, दोघांनी एकमेकांची पत्रे जपली म्हणून शिल्लक राहिलेला. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी गेल्या; काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले ते मोठ्या प्रमाणात पत्रांच्या आधारावर. अमेरिकेतल्या कॅरोलिन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये काढलेल्या इंग्रजी चरित्रातही पत्रे आहेत. ती पत्रे ज्यांना आली त्यांनी नष्ट केली असती तर आनंदीबाईंचा स्वतःचा आवाज आज फारसा ऐकूच आला नसता.

आता एखादे पत्र हातात घेऊन पाहावे. समजा, एक पोस्टकार्ड आहे. तारखेच्या जागी फक्त ‘रविवार’, आणि पत्ता ‘मु. पो. धरणगाव, ता. एरंडोल, जि. पूर्व खानदेश’. वर्ष नाही. लेखकांना वर्ष लिहायचा कंटाळा असतो, आणि त्यांच्यावर काम करणाऱ्यांची त्यामुळे फार अडचण होते. पण पत्ता बोलतो. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि १९६० मध्ये त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली. म्हणजे कार्ड बहुधा या दोन वर्षांच्या दरम्यानचे. ‘बहुधा’ म्हणायचे, कारण जिल्ह्याचे नाव सरकारने बदलले तरी लिहिणाऱ्याचा हात लगेच बदलत नाही. काळ आणखी पक्का करायला दुसऱ्या खुणा असतात. पोस्टकार्ड भारतात १ जुलै १८७९ ला आले, तेव्हा किंमत पाव आणा. त्याआधीचे कार्ड असूच शकत नाही. छापील किंमत नव्या पैशांत असेल तर कार्ड १ एप्रिल १९५७ नंतरचे. पत्त्यात सहा आकडी पिनकोड, एरंडोलचा ४२५१०९, असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. ‘घरीं’, ‘केलें’ असे अनुस्वार असतील तर लिहिणारा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी घडलेला. मात्र जुन्या वळणाचे लेखक पुढेही आयुष्यभर तसेच लिहीत राहिले, त्यामुळे या एकट्या खुणेवर भरवसा नको.

टपालाचे शिक्के सर्वांत चोख. कार्डावर सहसा दोन असतात, जिथे पडले तिथला आणि जिथे पोचले तिथला. पुसट शिक्का भिंगाखाली, तिरप्या उजेडात वाचावा. एका बाजूने बॅटरी धरली की दाबलेले अक्षर उठून दिसते. मोडी पत्रांत हे काम ‘पै’ करते. पत्र पोचल्यावर घेणाऱ्याने कोपऱ्यात ‘पै’ म्हणजे पैवस्ती लिहून पोचल्याची तारीख टाकलेली असते. ती वेगळ्या शाईत आणि वेगळ्या हाताची असते, आणि पत्र अस्सल असल्याची ती एक बऱ्यापैकी खूण आहे. तुरुंगातून आलेल्या पत्रावर तपासणीचा शिक्का किंवा सही सापडते, आणि कधीकधी एखादी ओळ काळी केलेलीही.

मायन्यावरून नाते कळते. ‘ती.’, ‘चि.’, ‘गं. भा.’, ‘स. न. वि. वि.’ ही अक्षरे लेखक कुणाशी कोणत्या पायरीवरून बोलतो ते सांगतात. ‘रा. रा.’ने सुरू झालेला पत्रव्यवहार काही वर्षांनी ‘प्रिय’वर आला असेल, तर मैत्री केव्हा जुळली हे सांगायला चरित्रकाराची गरज नाही. पत्राच्या वर हळदीकुंकवाचे बोट असेल तर मंगलकार्य. अशुभ बातमीचे पत्र मात्र वाचून लगेच फाडायची रीत होती, त्यामुळे लेखकाच्या आयुष्यातल्या मृत्यूंबद्दलची पत्रे बहुतेक गठ्ठ्यांत नसतात. तिथली फट ही निष्काळजीपणाची नव्हे, रूढीची असते. पत्राच्या मधोमध गंजाच्या कडेचे गोल भोक दिसले तर दचकू नये. ती तारेची खूण. घरोघरी आणि दुकानोदुकानी भिंतीला आकड्याची तार टांगलेली असे आणि आलेले पत्र वाचून झाले की त्यात ओवले जाई. तारेवरचा क्रम म्हणजे पत्रे येण्याचा क्रम. म्हणून तारेतून पत्रे काढताना खालून वर क्रमांक घालावेत, पेन्सिलीने, मागच्या बाजूला, हलक्या हाताने. पेन वापरू नये.

शाईचे स्वभाव ओळखून घ्यावेत. काजळ आणि डिंकाची जुनी देशी शाई शेकडो वर्षे काळी राहते, पण पाणी लागले की पसरते. फाउंटन पेनातली निळी-काळी शाई लोहाची. ती तपकिरी होत जाते आणि दाट लिहिले असेल तिथे कागद खाते. जांभळ्या कॉपी-पेन्सिलीचे अक्षर ओल्या बोटानेही फुटते. पोथ्या लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, आणि हरताळ विषारी असल्याने किडीलाही तो मानवत नसे. मराठीत ‘हरताळ फासणे’ म्हणजे केलेले पुसून टाकणे, तो वाक्प्रचार तिथून आला.

खानदेशची हवा कोरडी, म्हणून कोकणापेक्षा बुरशीचा त्रास कमी. पण उन्हाळा कडक, आणि धाब्याच्या घरांच्या माळवदातून झिरपणारे पाणी, पडणारी माती, वाळवी आणि कसर यांचा बंदोबस्त लागतो. माळ्यावरची पत्र्याची पेटी उन्हात भट्टी होते. तळमजल्यावरची, भिंतीपासून हातभर दूर ठेवलेली जागा बरी. पत्रे सपाट, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवावीत. टाचण्या, रबर, स्टेपल काढून टाकावेत, पण पाकीट पत्रापासून वेगळे करू नये. फाटलेल्या जागी सेलोटेप लावणे हा घराघरांत होणारा गुन्हा आहे: दहा वर्षांत टेप पिवळी पडते, गोंद कागदात जिरतो आणि अक्षर तिच्याबरोबर निघून येते. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते परत काढता येत नाही. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नयेत. जुन्या रीतीने वेखंड किंवा सुकलेला कडुलिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत ठेवला तर चालतो. दोन्ही बाजूंचे आणि पाकिटाचे छायाचित्र आधी काढून घ्यावे, म्हणजे मूळ पत्र पुन्हापुन्हा हाताळावे लागत नाही.

मालकीबाबत लोकांची हमखास चूक होते. पत्र ज्याला आले त्याचा कागद. मजकूर मात्र लिहिणाऱ्याचा. १९५७ च्या लेखाधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतो, आणि एखादे लिखाण मृत्यूनंतरच प्रथम छापले गेले असेल तर ते ६० वर्षे छापल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणून माळ्यावर सापडलेले पत्र विकता येते, कुणाला देता येते, पण लेखकाच्या वारसदाराला विचारल्याशिवाय छापता येत नाही. दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोलाचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित त्याच्या व्याख्येत बसते आणि केंद्र सरकारने अधिकृत केल्याशिवाय कुणाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातवाला आजोबांकडची बालकवींची चिठ्ठी कुरिअरने धाडण्याआधी हे ध्यानात ठेवावे.

कायद्याच्या पलीकडे एक गोष्ट उरते. पत्रात तिसऱ्याच माणसाबद्दल काहीबाही लिहिलेले असते. कुणाची दारू, कुणाचे मोडलेले लग्न, कुणाची उधारी. त्या माणसाची मुले-नातवंडे त्याच गावात असतात. असे पत्र फाडू नये आणि लगेच छापूही नये. ज्या संस्थेला द्यायचे तिला ‘अमुक वर्षापर्यंत कुणाला दाखवू नये’ अशी लेखी अट घालून द्यावे. बहुतेक संग्रहालये अशी अट मान्य करतात.

घरातली पेटी रद्दीत घालण्याआधी गठ्ठ्याची दोरी सोडावी आणि पाकिटांवरची नावे एकदा वाचावीत. ओळखीचे नाव दिसले नाही तरी मजकुराखालची सही पाहावी. द्यायचे ठरले तर पूर्ण गठ्ठा एकाच जागी द्यावा, निवडक पत्रे नव्हेत. पत्रांची क्रमवार यादी करून तिच्या दोन प्रती काढाव्यात आणि घेणाऱ्या संस्थेची सही-शिक्क्याची पोच एका प्रतीवर घेऊन ती घरी ठेवावी.